मुलगा बोलतो भरपूर, लिहायला सांगितलं की हात दुखतो. घरी शिकवणाऱ्यांनी काय काय करून पाहिलंय?

सातारकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. मुलगा साडेआठ वर्षांचा. जूनपासून त्याला घरीच शिकवतोय. शाळा का सोडली हा वेगळा विषय आहे आणि त्यावर इथं आधीच भरपूर वाद होऊन गेलेत, तेव्हा कृपया पुन्हा त्यात शिरू नका. परीक्षेचं म्हणाल तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) मुक्त शिक्षणातून पुढे पाचवीच्या पातळीला बसवायचा विचार आहे. त्याला अजून अवकाश आहे.

अडचण आहे ती लिखाणाची. गणित तोंडी फटाफट करतो. वाचतो. बोलायला तर विचारूच नका. एसटी म्हणजे त्याचा जीव. स्टँडवर नेऊन बसवला तर तास तास हलत नाही. कुठली गाडी कुठल्या आगाराची, कुठली विनावाहक, वाईची मार्गे पाचवड किती वाजता लागते, सगळं तोंडपाठ. रात्री झोपताना स्वतःच्या गोष्टी सांगतो. परवाच्या गोष्टीत एक लालपरी मध्यरात्री आगारातून गुपचूप निघून अजिंक्यताऱ्यावर चढली. वरचा टॉवर तिला म्हणाला, "बाई, इथं स्टॉप नाही." ती म्हणाली, "मग विनंती थांबा करा." आम्ही दोघं हसून हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुढे ठेवली आणि म्हटलं, कालची गोष्ट लिहून काढ बघू. अर्धा तास पेन्सिलीला टोक काढलं. मग हे लिहिलं: "एक एसटी होती. ती गेली." खाली रेघ मारून सही.

निबंधाची पुस्तकं आणून झाली. 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की पोटात दुखतं, 'मी पंतप्रधान झालो तर' म्हटलं की हात दुखतो. सासूबाई रोज ऐकवतात, "शाळेत असता तर बाईंनी धाकानं लिहून घेतलं असतं." त्यांचं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही.

मला विचारायचंय ते असं. लिहायची गोडी लागेल असे काही मजेचे प्रकल्प तुम्ही घरी केलेत का? चुका लगेच दुरुस्त करायच्या की सोडून द्यायच्या? हात दुखतो हे खरं असू शकतं का? आणि लिखाण आधी मराठीतून पक्कं करावं की इंग्रजीही बरोबर चालवावं?

मिरज_जंक्शन

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या वेळी रोज एक पान शुद्धलेखन होतं. गोडी लागो न लागो, अक्षर वळणदार झालं आणि वाक्यही जमायला लागलं. सगळंच मजेत करायचं म्हटलं तर पोरं डोक्यावर बसतात. सकाळी चहाच्या आधी एक पान, विषय संपला.

पोस्टातली_आजी

अगं सातारकरणी, "एक एसटी होती. ती गेली." वाचून मी एकटीच खो खो हसले. बरोबरच आहे की त्याचं! ती गोष्ट तुला आदल्या रात्री ऐकवून झाली, तू हसलीस, खेळ संपला. आता तीच गोष्ट परत तुलाच लिहून कशाला द्यायची? त्याच्या जागी मी असते तर मीही "ती गेली" लिहून मोकळी झाले असते.

माझी ओळख सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. नोकरी सगळी पोस्टात झाली, सांगली भागात, बरीचशी काउंटरवर. आता नातू घरी शिकतो. वय नऊ. इथं त्याला बंड्या म्हणते. सून आणि मी वाटून घेतलंय, गणित-विज्ञान तिच्याकडे, भाषा माझ्याकडे.

पोस्टात असताना एक गोष्ट रोज बघायचे. हळदीच्या पेठेत कामाला येणाऱ्या बायका दुपारी पोस्टकार्ड घेऊन यायच्या, "बाई, पोराला चार ओळी लिहून द्या." एक जण मला सांगायची, "लिवा, म्हस व्याली, रेडी झालीया. तू न्हाई आलास तरी चालंल, पैसं तेवढं धाड." बघ, एका दमात बातमी, लटका राग आणि मागणी. अक्षरओळख नव्हती, पण कुणाला काय सांगायचंय ते पक्कं ठाऊक होतं. तुझ्या पोराचं तेच आहे. त्याच्याकडे सांगायला भरपूर आहे. कमी आहे ते समोर वाट बघत बसलेलं माणूस. निबंधाची वाट कोण बघतं सांग मला? तपासणारासुद्धा बघत नाही.

तेव्हा पहिलं काम, काही दिवस तूच त्याची लेखनिक हो. तो सांगेल, तू लिही. त्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, त्यात सुधारणा नको. 'विनंती थांबा करा' म्हणाला की तेच लिहायचं. मग मोठ्यानं वाचून दाखव. मध्येच एखादा शब्द मुद्दाम बदलून वाच. पेन्सिल हातातून कशी हिसकावतो बघ.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. सांगलीच्या माणसाला पावसाळ्यात एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" बाहेरच्यांसाठी सांगते, कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. त्याच्यापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा अर्धं शहर पाण्यात होतं. त्यामुळे जुलै लागला की आमच्याकडे नमस्कार-चमत्काराच्या आधी आकडा विचारतात. बंड्यालाही तोच नाद. उठल्या उठल्या बापाचा मोबाइल घेऊन पातळी बघायचा आणि घरभर ओरडत फिरायचा.

मी म्हटलं, ओरडतोस कशाला, तळमजल्यावर लिहून लाव. आमच्या इमारतीत म्हातारी माणसं पुष्कळ, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आकडे शोधायचा कंटाळा करतात. पाठकोऱ्या कागदावर त्यानं पहिलं पत्रक लिहिलं, शब्दन् शब्द असं:

"आज आयरवीन २३ फुट. काल २१ होती. कोयनेतून पाणि सोडलं आहे. घाबरु नका. बंड्या, दुसरा मजला."

जिन्यापाशी मीटरच्या पेटीवर चिकटवलं. संध्याकाळपर्यंत खालच्या काकांनी त्याच कागदावर पेनानं लिहून ठेवलं, "किती सोडलं?" झालं. पोरगं पेटलं. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात क्युसेकचा आकडा आला. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "क्युसेक म्हणजे काय रे भाऊ?" मग तिसऱ्या दिवशी एक चौकट आली: "क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. म्हणजे सुमारे २८ लिटर. आमच्या बाथरूमच्या दोन बादल्या. आता १०००० ने गुणा." ते वाचून काका म्हणे रात्री बराच वेळ गुणत बसले होते. नंतर टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आलं, कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं ते आलं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण कुठं आहे त्याचा नकाशा आला. एके दिवशी शब्द पुरेनात म्हणून पुलाचं चित्र काढून त्यावर फुटांच्या खुणा केल्या.

मी "लिही" म्हणून एकदाही सांगितलं नाही. उलट एक दिवस त्याला ताप होता, पत्रक लागलं नाही, तर दोन घरांतून विचारणा झाली. त्या दिवशी अंथरुणात बसून त्यानं "आजचे पत्रक उशिरा येत आहे" अशी चिठ्ठी लिहिली. तुझ्या मुलाला हे जसंच्या तसं करायला सांगत नाही हां. साताऱ्यात कोण विचारणार आयर्विनला किती! त्याची नदी म्हणजे एसटी. शेजारच्या आजींना वाईला लेकीकडे जायचं असेल, तर त्यांना मोठ्या अक्षरात वेळापत्रक कोण लिहून देणार? कुठल्या फलाटावर गाडी लागते, खिडकीची जागा हवी तर कधी जाऊन उभं राहायचं, ही माहिती त्याच्याइतकी कुणाकडे आहे? आधी प्रत्यक्ष जाऊन वेळा तपासायला लाव, नाहीतर आजी पाचवड फाट्यावर उन्हात उभ्या राहायच्या.

दुसरा प्रकार भडंगाचा. सांगलीत राहून भडंग करता येत नसेल तर कसं व्हायचं, म्हणून बंड्यानं कृती लिहायची आणि त्याच्या बापानं ती वाचून करायची असं ठरलं. अट एकच, कागदावर जे नाही ते करायचं नाही. आणि लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

पहिली ओळ होती, "तेलात शेंगदाणे घाला." माझ्या लेकानं शांतपणे वाटीत तेल ओतलं, त्यात शेंगदाणे टाकले आणि हाताची घडी घालून उभा राहिला. बंड्या खुणा करून थकला. शेवटी कागद ओढून घेतला आणि वर लिहिलं, "आधी कढई. मग गॅस पेटवा (बाबांनी)." पुढे, "लसूण घाला." बापानं अख्खा गड्डा सालीसकट उचलला. पुन्हा कागद ओढला, "सोला. ठेचा. लाल होईपर्यंत परता." कढीपत्ता सुखरूप पार पडला. "तिखट घाला" आलं तेव्हा बरणीच कढईवर उपडी करायचा आव आणला, तर पोरगं किंचाळलं, "दोन चमचे! चहाचे!" मी म्हटलं, बोलायचं नाही, लिही. थरथरत्या हातानं लिहिलं. चुरमुरे घालून हलवायच्या ओळीशी आलो तोवर कागदावर इतके बाण आणि काकपदं झाली होती की वाचायची सोय राहिली नव्हती. मग आपणहून म्हणाला, "आजी, हे नीट उतरवून काढतो. नाहीतर पुढच्या वेळी बाबा घर जाळतील."

पक्की प्रत काढणं म्हणजे मुलांना शिक्षा वाटते. इथं ती त्यानं मागून घेतली. तो कागद अजून फ्रीजवर आहे, तेलाच्या डागासकट. भडंग मात्र थोडं खारट झालं होतं, मिठाचं माप लिहायचं राहिलं.

बाहुल्यांचंही करून बघ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं केलं, आणि त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, हे आमच्या गावाला फार अभिमानाचं. आमच्याकडे मोज्यांच्या बाहुल्या. संवाद लिहिल्याशिवाय दोन मोजे एकदम बोलायला लागतात, म्हणून कागद लागतोच. सातारच्या दोन एसट्या तुझ्याकडे तयार आहेतच.

मराठी की इंग्रजी? ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत आधी. बाकीचं उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

सातारकरीण

आजी, काय लिहिलंय तुम्ही! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो भडंगाला तयार आहे, फक्त "मी बरणी खरंच उपडी करणार" म्हणतोय.

लेखनिक होण्याचं कालच करून पाहिलं. लालपरीची गोष्ट मी लिहून घेतली, वाचताना मुद्दाम "ती घाट चढली" म्हटलं. "घाट नाही! बोगद्याच्या बाजूनं चढली!" म्हणून पेन्सिल घेतली आणि चक्क अख्खी ओळ खोडून वर लिहिली. पण तीन ओळींनंतर मनगट चोळायला लागला. हे नाटक वाटत नाही मला. कुणाला अनुभव आहे का?

वाईकर_मावशी

मी बालवाडी चालवते, तेव्हा हाताचं मी सांगते. नाटक नसतं बरं का ते बऱ्याचदा. खांदा आणि मनगट अजून पुरेसं बळकट नसेल तर मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, कागदावर जोर देतं आणि दोन-चार ओळींत हात भरून येतो. वहीच्या पाठचं पान बोटानं चाचपून बघा. अक्षरं उठून आलेली लागली तर समजा जोर जास्त पडतोय.

टेबल-खुर्चीवर बसत असेल तर पाय जमिनीला टेकतायत का बघा, लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पेन्सिल लांब नको, बोटाएवढी आखूड द्या, ती मुठीत धरताच येत नाही. काही दिवस उभ्या फळ्यावर खडूनं लिहू द्या, नाहीतर गच्चीच्या भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशानं. उभ्यानं लिहिताना आख्खा हात खांद्यापासून हलतो. कणीक मळायला द्या, शेंगा फोडायला बसवा, ओली फडकी पिळायला लावा. आणि एका बैठकीत थोडंच लिहून घ्या. एवढं करून दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा बटण लावणं, कात्री धरणं हेही जड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजची कामं हाताला जमावीत म्हणून करायच्या उपचारांचा) सल्ला घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता प्रकल्प. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांनी आमच्या वाईत बसून केलं, म्हणून माझ्या बहिणीच्या मुलींनी 'घरचा विश्वकोश' काढला. जाड वही, एका नोंदीला एक पान, आणि अकारविल्हे. कुठल्याही गोष्टीची नोंद होऊ शकते, पण खरी माहिती हवी. त्यातली एक मला पाठ आहे:

"चष्मा, आजोबांचा. रंग तपकिरी. एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सापडण्याची ठिकाणे: देवघर, पेपराखाली, डोक्यावर. हरवल्यास पहा: आजी."

आजोबांनी यावर लेखी हरकत नोंदवली आहे, तीही वहीत चिकटवली आहे. अक्षरानुक्रम लावताना 'क्ष' कुठं घालायचा यावरून दोघींचं जे भांडण झालं त्यात वर्णमाला पक्की झाली. सुट्टीत भिलारला जाऊन आलात का? पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. लोकांच्या घरांत, पडव्यांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुठंही बसून वाचा. मुली तिथून आल्या आणि आपल्या घरातल्या पुस्तकांनाही तशाच खोल्या वाटून दिल्या, दारांवर पाट्या लावल्या. न्हाणीघराला 'ओली पुस्तके, प्रवेश बंद'.

मिरज_जंक्शन

हे सगळं वाचायला झकास आहे. पण आजी, तुमच्याच पत्रकात 'पाणि' ह्रस्व, 'फुट' ह्रस्व, 'घाबरु' ह्रस्व. आणि ते अख्ख्या इमारतीनं वाचलं. उद्या पेपर तपासणारा मीटरच्या पेटीवर कागद चिकटवायला येणार नाहीये, तो लाल रेघा मारणार. मग कधी शिकवायचं शुद्ध लिहायला?

पोस्टातली_आजी

मिरजकर, तुम्ही तिन्ही चुका पकडल्यात म्हणजे पत्रक मन लावून वाचलंत. बंड्याला सांगते, खूश होईल. ('आयरवीन' मात्र सुटलं हां तुमच्या नजरेतून.)

शुद्ध लिहायला शिकवायचं, नक्की शिकवायचं. माझा वाद वेळेचा आहे. पोरगं सांगायला लागलं की मध्येच "वेलांटी दुसरी" म्हणून टोकलं, तर ते पुढचं वाक्य अवघड शब्द टाळून लिहितं. तपासून बघा हवं तर. 'प्रचंड' लिहायचं असतं आणि लिहितं 'मोठा', कारण 'मोठा' चुकत नाही. 'एक एसटी होती, ती गेली' यात एकही चूक नाही, ते बघितलंत का?

म्हणून आमच्याकडे घरातल्या घरात राहणाऱ्या लिखाणाला हात लावायचा नाही. वही, डायरी, गोष्टी, सगळं त्याचं. जे उंबऱ्याबाहेर जाणार ते बाहेर जाण्याआधी मला दाखवायचं. आणि तेव्हाही एका वेळी एकाच जातीची चूक. पत्रक पहिल्या दिवशी तसंच लावू दिलं, दुसऱ्या दिवसापासून एकच नियम धरला: शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ. पाणी, वाटी, लाडू, घाबरू. 'आणि'सारखे काही थोडे शब्द सोडले तर हा नियम मराठीत बहुतेक ठिकाणी चालतो, नऊ वर्षांच्या मुलाला रेल्वे पासासारखा वापरता येतो. ते बसल्यावर दुसरा: शेवट दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा बहुधा ह्रस्व. सुरी, विळी, पुरी. 'फूट' असा एका दमातला शब्द दीर्घ, ते त्याच्या मागून. पावसाळा संपेपर्यंत वेलांट्यांची गळती बरीच थांबली. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, ते सगळे एका दिवसात पोराच्या डोक्यावर ओतून काय साधणार?

रोजच्या एका पानालाही माझी ना नाही. अक्षर वळवायला ते चांगलंच. फक्त त्याला लिखाण म्हणू नका, तो हाताचा रियाज. मिरजेत राहता, तुम्हाला तंबोरा जुळवणं आणि गाणं यातला फरक मी सांगायला नको.

मिरज_जंक्शन

तंबोऱ्यावर आणलंत म्हणजे आता बोलायची सोय नाही. पुतणीला एक नियम लावून बघतो.

सातारकरीण

सगळ्यांना धन्यवाद. मावशी, वहीच्या मागची अक्षरं खरंच उठून आली होती. पेन्सिलीचे तुकडे केलेत, पाट ठेवलाय, शेंगा फोडायचं काम सासूबाईंनी आनंदानं त्याच्याकडे सोपवलंय.

आज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लागली होती: "स्वयंपाकघर – गच्ची, मार्गे जिना. जलद. आज्जीला अर्धे तिकीट." सासूबाई वाचून म्हणाल्या, "अर्धं का? मला आता पूर्ण फुकट असतं एसटीत." त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झालीत ना. तो आत जाऊन 'अर्धे तिकीट' खोडून 'मोफत (आधार कार्ड दाखवावे)' लिहून आला. आधार कार्ड मागितलंही.

आजी, पत्रांचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पोस्टातल्या असून! पोस्टकार्डं अजून मिळतात का? आणि लिहायचं कुणाला? आमचे सगळे नातेवाईक व्हॉट्सअॅपवर.

पोस्टातली_आजी

मिळतात की. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळत आलंय, त्याहून स्वस्त लिखाणाचा कागद मला माहीत नाही. कुठल्याही पोस्टात माग, नाही म्हणाले तर मुख्य पोस्टात जा. जागा इतकीच असते की मुलाला धास्ती वाटत नाही, चार ओळींत कार्ड भरतं.

पत्ता त्याच्याच हातानं लिहू दे, पत्ता हा फार गुणी धडा आहे. नाव, घर, गल्ली, गाव, जिल्हा, लहानाकडून मोठ्याकडे. आणि पिन कोड समजावून सांग, तुझ्या एसटीवेड्याला मार्गासारखाच वाटेल तो. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग, पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन आपलं पोस्ट. तुमचं साताऱ्याचं ४१५००१. आमचं सांगलीचं ४१६४१६, बंड्याला वाटतं ते खास त्याच्यासाठी असं केलंय.

थोडा हात बसला की टपाल खात्याची 'ढाई आखर' स्पर्धा बघून ठेव. दर वर्षी एक विषय देतात, पत्र हातानंच लिहायचं असतं, मराठीतही चालतं. अठरापर्यंतच्यांचा गट वेगळा. आंतर्देशीय पत्रावर ५०० शब्दांपर्यंत, लिफाफ्यात घातलं तर १००० पर्यंत. पण यंदा नको, इतक्यात बक्षिसाची हाव लावू नकोस. त्याला आधी उत्तर येणारी पत्रं लिहू दे.

कुणाला लिहायचं ते बंड्यानं ठरवलंय. तुझी पोस्ट मी त्याला वाचून दाखवली, तर लालपरी अजिंक्यताऱ्यावर चढली यावर त्याचा अजिबात विश्वास नाही. शिवाय त्याला विचारायचंय की सातारा–सांगली गाडी कराडनंतर पेठ नाक्याला थांबते का, आणि थांबत असेल तर वडा खाण्याइतका वेळ मिळतो का. आमचा पत्ता तुला खासगी निरोपात पाठवलाय, तुमचाही धाड. कार्ड उद्या सकाळच्या टपालात पडेल. उत्तर तुला माहीत असलं तरी इथं लिहू नकोस.